फाईलवर नसलेली गोळी : स्तनाच्या कॅन्सरनंतर वाढलेली साखर आणि चरबी

(रुग्णाच्या संमतीने लिहिलं आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

सुमनताई तापीकाठच्या एका गावातल्या. घरी केळी आणि कापूस, मुलगा पुण्यात नोकरीला, घरात त्या आणि अण्णा. वयाच्या 49 व्या वर्षी डाव्या स्तनात गाठ लागली. मुंबईला मोठं ऑपरेशन झालं. काखेतल्या दोन गाठींमध्ये आजार होता. रिपोर्टमध्ये ईआर आणि पीआर (हार्मोनचे रिसेप्टर) दोन्ही पॉझिटिव्ह, हर-टू (दुसरा एक रिसेप्टर) निगेटिव्ह. म्हणजे शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसणारा कॅन्सर. त्यानंतर आठ केमो आणि पाच आठवडे शेक (रेडिएशन). हे सगळं भुसावळहून रेल्वेने जाऊन-येऊन, कधी दादरला नातेवाइकांकडे मुक्काम करून.

शेक संपल्यावर त्यांना टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) 20 मिलिग्रॅम, रोज एक, असं लिहून दिलं. निदान पाच वर्षं. घरच्यांच्या हिशेबात मात्र ट्रीटमेंट तिथेच संपली होती. "आता फक्त एक गोळी" हे वाक्य मी किती घरांतून ऐकलंय त्याची गणती नाही. त्यातल्या "फक्त" या शब्दातच हे सगळं प्रकरण आहे.

ऑपरेशनच्या वेळी त्यांचं वजन 61 किलो होतं, उंची 152 सेंटिमीटर. आई मधुमेही. जुन्या फाईलमध्ये उपाशीपोटीची साखर 104 सापडली, म्हणजे काठावरची. केमोच्या काळात एकदा 210 आली होती. केमोआधी देतात त्या डेक्सामेथासोन या स्टिरॉइडमुळे असेल म्हणून सोडून दिली गेली. ते कारण खरंच असेल. पण ज्याची साखर स्टिरॉइडने इतकी वर जाते त्याच्या शरीराने एक इशारा दिलेला असतो, आणि स्टिरॉइड बंद झाल्यावर ती पुन्हा तपासायची असते. ती कोणी तपासली नाही. कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड या रक्तातल्या चरबीची तर ऑपरेशनआधीची एकही तपासणी फाईलमध्ये नव्हती.

माझ्याकडे आल्या तेव्हा

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे. टॅमॉक्सिफेन सुरू होऊन दहा महिने झाल्यावर, जानेवारीत, थकवा येतो म्हणून त्या आल्या. उपाशीपोटी म्हणून दिलेल्या रक्तात साखर 148, एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) 61, ट्रायग्लिसराइड 412. कॅन्सरचा इतिहास त्यांनी सांगितला, मी तो एका ओळीत लिहिला आणि विचारलं, "ताई, आणखी काही गोळ्या चालू आहेत?"

"नाही."

मी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी, 500 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा दिली. गोड, तेल, केळी कमी करा म्हणून सांगितलं. सकाळी चहा-बिस्किट घेतलं होतं असं त्या बोलल्या, म्हणून 412 हा आकडा मी "खाल्ल्यामुळे असेल" म्हणून बाजूला ठेवला. चहा-बिस्किटाने ट्रायग्लिसराइड इतकं वाढत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या दिवशी ओपीडीत सत्तर माणसं होती.

अंगाची आग होते, रात्री घाम फुटतो, असंही त्या म्हणाल्या होत्या. जानेवारीतच हे जरा चमत्कारिक होतं. तेच मे महिन्यात म्हणाल्या असत्या तर मी हसून सोडून दिलं असतं, खान्देशात मे महिन्यात कोणाच्या अंगाची आग होत नाही? ही आग बहुधा टॅमॉक्सिफेनची होती. तो धागा तिथेच हाती लागत होता, मी धरला नाही.

अडचण

पुढच्या तपासणीला त्या आल्याच नाहीत. आल्या त्या मे महिन्यात, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर आठवड्याने. वजन 69 किलो. रक्त दिलं आणि त्या बाहेर बाकावर बसल्या. अर्ध्या तासाने लॅबमधला मुलगा स्वतः नळी घेऊन वर आला.

"सर, सॅम्पल फिरवलं तर वर हे असं आलंय. मशीन रीडिंगच देत नाहीये. पातळ करून परत लावतो."

मी नळी खिडकीपाशी धरली. खाली लाल, आणि वर जिथे पिवळसर पारदर्शक पाणी दिसायला हवं तिथे ताकासारखं पांढरं. ट्रायग्लिसराइड 1,140 आलं. उपाशीपोटी साखर 192, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 8.1, एसजीपीटी 88 आणि तसंच लिव्हरचं एसजीओटी 62. सोनोग्राफीत ग्रेड दोनचं फॅटी लिव्हर. थायरॉइड, क्रिएटिनिन, लघवी ठीक. दारूचा प्रश्नच नव्हता.

ट्रायग्लिसराइड 500 च्या वर गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती सुरू होते, 1,000 च्या वर ती खरीखुरी असते. मी पोट दाबून पाहिलं, लायपेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम तपासलं. दुखत नव्हतं, लायपेज नॉर्मल होतं.

मांडे आणि आमरस किती झाला, हे मी आधी विचारलं. आखाजीला लेकी माहेरी येतात, खापरावर मांडे होतात, रसाची पातेली भरलेली असतात, आणि साखर घातलेला रस ट्रायग्लिसराइड नक्कीच वाढवतो. पण चार दिवसांच्या रसाने 1,140? मग मी प्रश्न बदलला. "आणखी काही गोळ्या" ऐवजी विचारलं, "रोज तोंडात काय काय टाकता ते सगळं दाखवा."

अण्णांनी पिशवीतून साखरेच्या गोळ्या काढल्या. ताईंनी कनवटीची छोटी पितळी डबी काढली. त्यात एक स्ट्रिप होती.

"ती साखरनी गोयी नही, डाक्टर. ती छातीनी शे."

त्यांनी जानेवारीत खोटं सांगितलं नव्हतं. मी साखरेचा डॉक्टर, मी साखरेच्या गोळ्यांचं विचारतोय असंच त्यांना वाटलं होतं. छातीची गोळी मुंबईवाल्यांची.

गोळी नेमकं काय करते

टॅमॉक्सिफेनला दोन चेहरे आहेत. स्तनाच्या पेशीत ते इस्ट्रोजेनची वाट अडवतं, म्हणून कॅन्सर परत यायला आळा बसतो. लिव्हरमध्ये मात्र ते स्वतःच थोडंसं इस्ट्रोजेनसारखं वागतं. लिव्हर जास्त ट्रायग्लिसराइड बांधून रक्तात सोडायला लागतं, आणि रक्तातली चरबी फोडणारं एन्झाइम मंदावतं. बहुतेक बायकांमध्ये हा फरक किरकोळ असतो. ज्यांना आधीच इन्सुलिन नीट लागू होत नाही, पोट सुटलेलं आहे, घराण्यात साखर आहे, त्यांच्यात तो भडकू शकतो. लिव्हरमध्ये चरबी साचणं टॅमॉक्सिफेनवर बऱ्याचदा दिसतं, आणि पहिल्या दोन वर्षांत जास्त. गंमत म्हणजे हीच गोळी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कमी करते. सुमनताईंचं एलडीएल नंतर मोजता आलं तेव्हा 92 होतं. नुसतं एकूण कोलेस्टेरॉल पाहणारा माणूस फसेल.

म्हणजे दोष एकट्या गोळीचा नव्हता. काठावरची साखर, केमोतलं स्टिरॉइड, केमोत थांबलेली पाळी, आठ किलो वजन, आमरस, आणि त्यावर टॅमॉक्सिफेन.

त्या संध्याकाळचा निर्णय

तीन वाटा होत्या. भरती करून काही दिवस उपास आणि इन्सुलिन. इन्सुलिन साखरेबरोबर ट्रायग्लिसराइडही लवकर खाली आणतं. दुसरी, घरीच ठेवून ट्रायग्लिसराइड उतरवणारं फेनोफायब्रेट, मेटफॉर्मिन वाढवणं आणि जवळजवळ बिनतेलाचं जेवण. तिसरी, टॅमॉक्सिफेन तूर्त थांबवणं.

पोट दुखत नव्हतं, कांद्याचं रान काढणीला होतं, अण्णा भरतीला राजी नव्हते. मी दुसरी वाट धरली. फेनोफायब्रेट 160 रोज, मेटफॉर्मिन हजार दोनदा. दहा दिवस फोडणी बंद, शेवभाजी आणि तर्री बंद, रस बंद. कळण्याची भाकरी, बिनतेलाचं वरण, ताक. वरच्या पोटात दुखून पाठीत कळ गेली तर रात्रीसुद्धा निघून यायचं.

टॅमॉक्सिफेनचा निर्णय माझा एकट्याचा नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांना विचारायचं ठरवलं. पण तोंडातून वाक्य गेलं, "बहुतेक या गोळीनेच चढलंय हे." अण्णा ऐकत होते.

तो गुरुवार होता. शुक्रवारी बाहेरगावी शिबिर, मग शनिवार-रविवार. मी फोन केला सोमवारी. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मंगळवारी बोलणं झालं. त्यांनी सांगितलं, फेनोफायब्रेटच्या आडोशाने गोळी तूर्त चालू ठेवा, दोन आठवड्यांनी रिपोर्ट पाठवा.

दोन आठवड्यांनी ट्रायग्लिसराइड 465. मी खूश. कागदावर लिहिलं, "फेनोफायब्रेटला उत्तम प्रतिसाद, टॅमॉक्सिफेन चालू." रिपोर्टचा फोटो मुंबईला धाडला.

ताई उठून दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "मी ती बंद करी टाकी, बरं."

गुरुवारी रात्रीपासून. डबीत स्ट्रिप होती तशीच, दहातल्या आठ गोळ्या शिल्लक. मी लिहिलेली ओळ खोटी होती आणि ती मुंबईला पोचली होती. लगेच फोन लावून दुरुस्ती केली.

त्यांना रागावण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरने सांगितलं की या गोळीने आजार झाला, तर शहाणा माणूस गोळी बंदच करणार. मी "बंद करा" म्हणालो नव्हतो, पण "बंद करू नका" असंही म्हणालो नव्हतो.

पुढे काय, यावर झालेला विचार

ट्रायग्लिसराइड कशाने उतरलं हे आता सांगता येत नव्हतं. रस थांबला, साखर आवरली, फेनोफायब्रेट सुरू झालं, टॅमॉक्सिफेन सुटलं, चारही एकदम. त्यातही टॅमॉक्सिफेन अंगातून उतरायला कित्येक आठवडे घेतं, तेव्हा पहिल्या पंधरा दिवसांचं श्रेय त्याला फारसं देता येत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी याच गोष्टीची दुसरी बाजू दाखवली. गोळी सुटली म्हणून संरक्षण त्याच दिवशी संपत नाही, थोडा वेळ हाताशी आहे, तो वापरू.

कॅन्सरच्या गोळ्या कायमच्या बंद करणं हा पर्याय काखेत आजार असलेल्या बाईसाठी नव्हताच. हे ताईंना मी आकडे न सांगता सांगितलं: साखर आणि चरबी मला औषधाने आवरता येते, परत आलेला कॅन्सर तसा आवरता येत नाही.

टॅमॉक्सिफेन पुन्हा सुरू करायचं तर ती चालू असेपर्यंत फेनोफायब्रेटच्या जोरावर, आणि दर आखाजीला धाकधूक. उरला लेट्रोझोलचा पर्याय. अंडाशय थांबल्यावरही चरबी आणि स्नायूंमध्ये थोडं इस्ट्रोजेन बनत राहतं, ते बनवणारं अरोमाटेज एन्झाइम ही गोळी अडवते. लिव्हरमध्ये ती इस्ट्रोजेनचं सोंग घेत नाही, म्हणून ट्रायग्लिसराइड भडकत नाही.

पण ती फक्त खरोखर पाळी गेलेल्या बाईला एकटी देता येते, आणि या प्रकरणातला सगळ्यात नाजूक टप्पा हाच होता. ताई 51 वर्षांच्या, दुसऱ्या केमोनंतर पाळी आलेली नाही, पावणेदोन वर्षं झालेली. घरचे म्हणणार पाळी गेली. मीही म्हटलं असतं. पण केमोने अंडाशय कधीकधी नुसते झोपतात. टॅमॉक्सिफेनवरही पाळी बंद राहू शकते. अशा बाईला लेट्रोझोल दिलं तर झोपलेलं अंडाशय जागं होऊ शकतं, आणि मग गोळी कुचकामी ठरते. म्हणून एफएसएच (अंडाशय थांबलं की वाढणारा हार्मोन) आणि इस्ट्राडिओल (रक्तातलं मुख्य इस्ट्रोजेन) दोनदा तपासले, टॅमॉक्सिफेन सुटल्यावर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात. इस्ट्राडिओल इतक्या खालच्या पातळीवर नेहमीच्या मशीनवर नीट मोजलं जात नाही, म्हणून नमुना बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवला. एफएसएच 46 आणि नंतर 58, इस्ट्राडिओल दोन्ही वेळा अगदी तळाला, म्हणजे अंडाशय खरंच थांबलेलं. तसं आलं नसतं तर अंडाशय झोपवणारं दर महिन्याचं इंजेक्शन किंवा अंडाशय काढणं, अशी चर्चा करावी लागली असती.

डेक्सा स्कॅन (हाडांच्या घनतेची तपासणी) जळगावला झाला. मणक्याचा टी-स्कोर उणे 1.8, व्हिटॅमिन डी 11. लेट्रोझोल हाडं आणखी झिजवणार हे ठरलेलं. म्हणून आधी दात दाखवून घेतले, व्हिटॅमिन डी भरून काढलं आणि दर सहा महिन्यांनी एकदा, असं झोलेड्रॉनिक ॲसिड हे हाडांचं इंजेक्शन सुरू झालं. पाळी गेलेल्या बायकांत या इंजेक्शनने हाडांत कॅन्सर परतण्याचं प्रमाणही कमी होतं, तेव्हा ते दुहेरी कामाचं.

साखरेसाठी पायोग्लिटाझोन माझ्या मनात होतं, फॅटी लिव्हरला ते चांगलं. पण तेही हाडं ठिसूळ करतं. लेट्रोझोलवर जाणाऱ्या बाईला ते नको, म्हणून मेटफॉर्मिनवरच राहिलो. लिव्हरचा कडकपणा फायब्रोस्कॅनवर 7.9 आला. काळजी करण्याच्या उंबरठ्याशी, पलीकडे नाही.

यानंतर ताई, अण्णा आणि फोनच्या स्पीकरवर मुलगा, असं चौघांनी बसून ठरवलं. लेट्रोझोल 2.5 मिलिग्रॅम, रोज. अंगावर थेंबभर जरी लाल गेलं तरी त्याच दिवशी कळवायचं.

काय झालं

तिसऱ्या महिन्यात ट्रायग्लिसराइड 212, एचबीएवनसी 6.9, एसजीपीटी 41. चौथ्या महिन्यात फेनोफायब्रेट बंद केलं, तरी आकडा 190 च्या आत राहिला. टॅमॉक्सिफेनचा वाटा मोठा होता असं मला या टप्प्यावर वाटायला लागलं. पण एलडीएल 92 वरून 138 झालं. टॅमॉक्सिफेनने जे दाबून ठेवलं होतं ते उघडं पडलं. मधुमेह आहे, म्हणून कोलेस्टेरॉल उतरवणारं रोसुवास्टॅटिन (स्टॅटिन गटातलं) 10 सुरू केलं.

पाचव्या महिन्यात ताई दोन्ही हात पुढे करून बसल्या. सकाळी बोटं वळत नाहीत, भाकरी थापताना तळहात उघडत नाही, कडेला चिरते. सून नाही, अण्णांना भाकरी येत नाही, म्हणजे हा छोटा त्रास नव्हता. "ही गोळी बी बंद करू का?" यावेळी निदान आधी विचारलं.

स्टॅटिननेही अंग दुखतं, लेट्रोझोलने सांधे आखडतात. स्नायूंचं एन्झाइम तपासलं, नॉर्मल. तीन आठवडे स्टॅटिन थांबवलं, बोटं तशीच. म्हणजे लेट्रोझोल. स्टॅटिन परत सुरू झालं. सांध्यांसाठी रोज चालणं सांगितलं. पहाटे साडेपाचला केळीच्या बागेचा बांध, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत चार फेऱ्या, आणि कोमट पाण्यात बोटं उघडमीट. दुखणं गेलं नाही, निम्म्यावर आलं. दुसऱ्या कंपनीची नव्हे, तर त्याच गटातली वेगळी गोळी करून पाहायची तयारी ठेवली होती, तशी वेळ आली नाही. भाकरी आता अण्णा परातीत मळून देतात, थापतात ताई.

वर्षानंतर वजन 65.5, एचबीएवनसी 6.6, ट्रायग्लिसराइड 168, एलडीएल 84, फायब्रोस्कॅन 6.2. मुंबईची तपासणी स्वच्छ. अंगाची आग अजून होते.

मागे वळून पाहताना

टॅमॉक्सिफेन सुरू होण्याआधी एक लिपिड, एक उपाशी साखर, एक एसजीपीटी झाली असती आणि दोन-तीन महिन्यांनी तीच पुन्हा, तर 1,140 पर्यंत गाडी गेली नसती. या तपासण्या आमच्याकडे कुठल्याही लॅबमध्ये होतात. अडचण एवढीच की त्या कोणी लिहायच्या हे ठरलेलं नसतं. कॅन्सरचे डॉक्टर गाठ परत आली का ते पाहतात, मी साखर पाहतो, आणि गोळी दोघांच्या मधल्या रेल्वेप्रवासात कुठेतरी असते.

जानेवारीतला 412 मी पंधरा दिवसांत उपाशीपोटी पुन्हा करायला हवा होता. मे महिन्यात 1,140 आणि एचबीएवनसी 8.1 एकत्र दिसल्यावर, आज पुन्हा तशी संध्याकाळ आली तर मी अण्णांशी आणखी अर्धा तास वाद घालीन आणि दोन-तीन दिवस भरती करून इन्सुलिन देईन. पोट दुखलं नाही हे आमचं नशीब होतं, माझं कसब नव्हे. माझे एक सहकारी याशी सहमत नाहीत. ते म्हणतात, दुखत नसताना भरती केली असती तर ताई पुन्हा आल्याच नसत्या. त्यांचंही खोटं नाही.

आणि तो फोन. गुरुवारी रात्री नऊला केला असता तर उचलला गेला असता की नाही कोण जाणे, पण ताई समोर असताना करायला हवा होता. ते जमत नसेल तर निदान चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात: ही गोळी मी सांगेपर्यंत चालू ठेवा.

माझ्या केसपेपरवर आता सगळ्यात वर एक रिकामी ओळ छापून घेतली आहे, "छातीची / कॅन्सरची गोळी". गेल्या महिन्यात ती भरताना तालुक्यातल्या आणखी दोन बायकांच्या पर्समधून टॅमॉक्सिफेन निघालं. एकीचं ट्रायग्लिसराइड 380 आहे, सहा आठवड्यांनी पुन्हा करतोय.

सुमनताईंचा पुढचा डेक्सा मार्चमध्ये आहे. या वर्षी आखाजीला त्यांनी आधीच येऊन विचारलं. एक वाटी रस, साखर न घालता, जेवणासोबत, आणि मांडा अर्धा. अण्णा म्हणाले, अर्धा मांडा कोणी वाढत नाही. शेवटी उरलेला अर्धा त्यांच्या ताटात जायचं ठरलं. अण्णांची साखर मी अजून तपासलेली नाही.